जन्माची नोंद चर्चमध्ये : डेन्मार्कमधले जूनचे दिवस

गुरुवार, ५ जून २०२५, कोपनहेगन

आज डेन्मार्कचा संविधान दिन. मोठी दुकानं बंद, बसच्या कपाळावर छोटे लाल-पांढरे झेंडे, बागांमधून पुढाऱ्यांची भाषणं. ५ जून १८४९ रोजी सातव्या फ्रेडरिकने राज्यघटनेवर सही केली आणि जवळपास दोनशे वर्षांची अनियंत्रित राजेशाही संपली. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, इथे बरीच वर्षं राहते. सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "भाषणं ऐकायला जाण्याआधी घटना वाच. छोटी आहे."

खरंच छोटी आहे. सध्याचं रूप १९५३ चं. चौथं कलम सांगतं की इव्हँजेलिकल लुथरन (मार्टिन लुथरच्या शिकवणीतलं प्रोटेस्टंट) चर्च हे डेन्मार्कचं लोकचर्च, फोल्केकिर्के, आणि राज्य त्याला आधार देईल. सहाव्या कलमाप्रमाणे राजा त्याच चर्चचा असला पाहिजे. म्हणजे बाकी कुणीही डेन चर्च सोडू शकतो, आजच्या दहाव्या फ्रेडरिकला मात्र ते करता येणार नाही. मग थेट सदुसष्टावं कलम : आपापल्या श्रद्धेप्रमाणे एकत्र येऊन उपासना करण्याचा हक्क सर्वांना, फक्त नीतीला आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येता कामा नये. अडुसष्टावं : आपला नसलेल्या पंथासाठी कुणाकडून व्यक्तिगत वर्गणी घेता येणार नाही. सत्तरावं : श्रद्धेमुळे किंवा वंशामुळे कुणाचे नागरी हक्क हिरावता येणार नाहीत.

राज्याचा एक धर्म आणि सर्वांना स्वातंत्र्य, दोन्ही एकाच कागदावर. इथले लोक स्वतःच सांगतात की आमच्याकडे धर्मस्वातंत्र्य आहे, धर्मसमानता नाही. हे रोजच्या जगण्यात कसं उतरतं ते मला बघायचं होतं, आणि त्यासाठी ताईच्या स्वयंपाकघराबाहेरही जावं लागलं नाही.

भाचीचा जन्म इथलाच. हॉस्पिटलमधून जन्माची खबर गेली ती थेट घराजवळच्या चर्चच्या कचेरीत. नाव ठेवायला सहा महिन्यांची मुदत असते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण तो तपासतो चर्चचा कारकून. आईवडील हिंदू असोत, मुसलमान असोत, काहीच नसोत, दक्षिण युटलंड (देशाच्या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पाचा दक्षिण भाग) सोडलं तर देशभर जन्ममृत्यूची नोंदवही चर्चकडे. "बारशाचा पाळणा घरी, नाव मंजूर चर्चमध्ये," ताई म्हणाली. तिला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

कराचं मात्र स्वच्छ आहे. चर्चकर फक्त सभासदांना, गावागणिक वेगळा, सरासरी उत्पन्नाच्या एक टक्क्याच्याही आत. ताई आणि भावोजी सभासद नाहीत, म्हणून त्यांच्या करपत्रकात ती ओळ नाही. पण पाळकांच्या पगाराचा चाळीस टक्के वाटा राज्य देतं, आणि बिशपांचा तर पूर्ण पगार. ते पैसे सर्वांच्या करातून येतात, त्यात ताईचेही. १९८४ मध्ये शंभरातले सुमारे ९२ लोक या चर्चचे सभासद होते. आज सुमारे ७१ आहेत. रविवारी बाकं रिकामी असतात हे सगळेच सांगतात, तरी बाप्तिस्मा, लग्न आणि माती यांसाठी माणसं तिथेच जातात.

भाची नुकतीच सातवीतून बाहेर पडते आहे. सातवी म्हणजे कन्फर्मेशनचं, तान्हेपणीचा बाप्तिस्मा मुलांनी स्वतः चर्चमध्ये पक्का करण्याच्या विधीचं वर्ष. पाळकांकडे तयारीला जायचं ते शाळेच्या वेळेत. मे महिन्यात वर्गातल्या बहुतेक मुलींनी पांढरे पोशाख घातले, घरोघरी जेवणावळी झाल्या, आणि नंतरच्या सोमवारी सगळा वर्ग तिवोली बागेत गेला. ती पण गेली. तयारीच्या तासांना ती आणि आणखी काही मुलं मोकळी असायची. "कुणी चिडवलं का गं?" मी विचारलं. "नाही मावशी. पण प्रत्येक जण विचारतो, मग तुझ्याकडे काय असतं?" शाळेत ख्रिस्ती धर्माची ओळख हा विषय असतो. पालकांनी लेखी कळवलं तर मुलाला त्यातून सूट मिळते. ताईने ती मागितली नाही. ज्या देशात वाढायचं त्याच्या गोष्टी मुलीला माहीत असाव्यात, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. फक्त त्याच तासाला बाकीचे धर्मही तितक्याच मनापासून शिकवले गेले, तर भाचीला तो प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला नसता.

शुक्रवार, ६ जून

आज इथे बकरी ईद, भारतात उद्या. सकाळी एकटीच ब्रेडगाडे या रस्त्याने चालत गेले. एका रस्त्यात इतका इतिहास क्वचित सापडतो. संत आन्स्गारचं कॅथलिक कॅथीड्रल १८४२ चं, म्हणजे घटनेच्या सात वर्षं आधीचं. तेव्हा कॅथलिकांना उघड उपासनेची मोकळीक नव्हती, तरी हे उभं राहिलं, कारण ही जागा ऑस्ट्रियाच्या वकिलातीच्या प्रार्थनागृहाची. त्याआधीचं प्रार्थनागृहही सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या पैशातून झालेलं. थोडं पुढे तीन सोनेरी घुमटांचं रशियन ऑर्थोडॉक्स चर्च, १८८३ चं. डॅनिश राजकन्या दाग्मार रशियाची सम्राज्ञी झाली, तिच्यामुळे. गोथर्सगाडेवरचं रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या मताच्या प्रोटेस्टंटांचं, चर्च १६८९ चं, पाचव्या ख्रिश्चनची राणी शार्लोट अमाली त्या पंथाची होती म्हणून. राजदूत असेल, राणी असेल, तर दार किलकिलं व्हायचं. साध्या माणसाला काय होतं? १६८३ चा राजाचा कायदा सांगतो : कॅथलिक झालेल्या प्रजाजनाने वारसाहक्क गमावून देश सोडावा, आणि जेसुइट किंवा मठवासी राज्यात आढळला तर देहदंड.

क्रिस्टलगाडेत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८३३ चं. ज्यूंना १८१४ मध्येच राजाच्या फर्मानाने बरोबरीचं नागरिकत्व मिळालं होतं. दाराशी पहारा होता, म्हणून पलीकडच्या फुटपाथवरूनच पाहिलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये आत एका मुलीचा बात मित्झवाचा, म्हणजे धर्मात वयात आल्याचा, समारंभ चालू असताना बाहेर राखण करणाऱ्या ज्यू तरुणाला गोळी घालून मारलं गेलं. त्याच इमारतीत २९ सप्टेंबर १९४३ च्या सकाळी रब्बी मार्कुस मेल्किओर यांनी जमलेल्यांना सांगितलं होतं की जर्मन धरपकड करणार आहेत, घरी थांबू नका. पुढच्या काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक ज्यू मच्छीमारांच्या होड्यांतून समुद्रापलीकडे स्वीडनला पोचले. पकडलेल्या साडेचारशेंहून अधिक लोकांना थेरेसियनश्टाटच्या नाझी छळछावणीत नेलं. ३ ऑक्टोबरच्या रविवारी बिशपांचं पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचलं गेलं. त्याचा आशय असा, की धर्ममतं वेगळी असली तरी आमच्या ज्यू बांधवांचं स्वातंत्र्य राखण्यासाठी आम्ही लढू. राज्याच्या चर्चविषयी माझी तक्रार पुढे येईलच, पण गावागावात पोचणारं ते एकच व्यासपीठ होतं आणि त्या रविवारी ते दुसऱ्यांसाठी वापरलं गेलं, हे मी आदराने लिहिते.

दुपारी शहरातल्या नोरेब्रो या भागात. नवे कपडे घातलेली मुलं, मिठाईच्या दुकानांपुढे रांगा, अरबी, उर्दू, तुर्की, सोमाली आणि सगळ्यांवर डॅनिश. ताईच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे जेवायला बोलावलं होतं; तिचे आईवडील लाहोरचे, ती जन्मली इथेच. नॉर्डिक देशांतली पहिली बांधीव मशीद इथेच, ह्विदोव्ह्रे उपनगरात १९६७ मध्ये झाली. ती अहमदिया जमातीची, आणि तिचा पैसा जमातीतल्या बायकांनी उभा केला. मोठी मनोऱ्याची मशीद मात्र २०१४ ची. मधल्या काळात नमाज जुन्या कारखान्यांत, तळघरांत.

जेवताना तिने कायद्यांची उजळणीच केली. २०१४ : जनावर आधी बेशुद्ध न करता धार्मिक पद्धतीने कापायला बंदी, खरं तर देशातल्या खाटीकखान्यांत त्या आधी कित्येक वर्षं तसं होतच नव्हतं. २०१८ : चेहरा झाकायला दंड. २०१९ : नागरिकत्वाच्या समारंभात हस्तांदोलन सक्तीचं. आणि दुसऱ्या बाजूला डिसेंबर २०२३ : धर्मग्रंथांची जाहीर विटंबना करायला बंदी, ज्या देशाने २०१७ मध्ये ईशनिंदेचं कलम रद्द केलं होतं त्याच देशात. "कायद्यात कुठेच इस्लाम हा शब्द नाही," ती म्हणाली, "पण बातमी लागली की माझ्या आईला कळतं, आपल्याबद्दल आहे." चेहरा झाकणं मला स्वतःला मुळीच आवडत नाही. तरी बाईच्या कपड्यावर पोलिसाने दंडाची पावती फाडावी हे मला त्याहून वाईट वाटतं, आणि ते मी तिथे बोलले.

शनिवार, ७ जून, फ्रेडरिसिया

ताई, भाची आणि मी पश्चिमेकडे निघालो. आगगाडी स्टोरेबेल्टचा समुद्र ओलांडते, मग ओडेन्से. तिथल्या कॅथीड्रलमध्ये १९४८ मध्ये या चर्चच्या पहिल्या तीन स्त्री पाळकांना दीक्षा मिळाली. कायदा केला होता संसदेने, पुष्कळ पाळकांचा विरोध असताना.

हीच या व्यवस्थेची दुसरी बाजू. लोकचर्चला स्वतःची घटना मिळेल असं १८४९ मध्ये लिहिलं गेलं. ती आजवर झालेली नाही. त्याला स्वतःची सर्वोच्च सभा नाही, त्याच्या वतीने बोलणारा कुणी प्रमुख नाही. चर्चखात्याचा मंत्री असतो आणि संसद ठरवते. २०१२ मध्ये समलिंगी जोडप्यांची लग्नं चर्चमध्ये लावण्याचा कायदा असाच झाला, नको असेल त्या पाळकाला नकार देण्याची मुभा ठेवून. या दोन्ही निर्णयांचा मला आनंद आहे. पण १६८६ पासून पाळला जाणारा मोठा प्रार्थनादिन सरकारने संरक्षणखर्चासाठी २०२४ पासून सुट्टीतून काढून टाकला तेव्हा बिशपांचा विरोध वाऱ्यावर गेला. राज्याच्या आधाराची किंमत बाकीच्या धर्मांनी तर मोजलीच, या चर्चनेही मोजली.

फ्रेडरिसियासाठी मी हा सगळा प्रवास आखला होता. तटबंदीतलं आखीव गाव, १६५० मध्ये तिसऱ्या फ्रेडरिकने किल्ला म्हणून वसवलेलं. राहायला माणसं येईनात, म्हणून १६८२ मध्ये राजाने सवलत दिली : ज्यू, कॅथलिक, रिफॉर्म्ड, कुणीही या, आपापली उपासना करा. औदार्य गरजेतून आलेलं, तरी ते टिकलं. १७२० च्या सुमारास ह्युगेनॉ शेतकरी आले, मूळचे फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेले. त्यांनी इथे तंबाखू लावला. देव्हांतिये, द्युपाँ, ओनोरे ही आडनावं अजून भेटतात.

तासाभरात पायी सगळं बघून होतं : रिफॉर्म्ड चर्च १७३६ चं, साधं, आत चित्र नाही की मूर्ती नाही, कॅथलिकांचं संत क्नूड १७६७ चं, लुथरन चर्च, ज्यूंची दफनभूमी. सिनेगॉग होतं ते विसाव्या शतकात पाडलं, वस्तीच उरली नव्हती. तटावर उभं राहून ताईने भाचीला विचारलं, "तेव्हा आपण इथे आलो असतो तर?" यादीत हिंदू नव्हते, पण गणेशमूर्ती घेऊन वेशीवर कुणी उभं राहिलंच नव्हतं, असं भाचीने उत्तर दिलं.

मला मात्र दुसरी वेस आठवत होती. आमचं कुलदैवत मंगेश. १५६० मध्ये, पोर्तुगालच्या राजाचा धर्म गोव्यात सक्तीने लागू होत असताना, कुशस्थळीचं लिंग रातोरात झुआरीपार प्रियोळला नेलं, कारण ती जमीन पोर्तुगीजांची नव्हती. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, तेही त्याच वर्षी गोव्यात बसलं. राज्याचा धर्म म्हटलं की माझ्या मनात येतं ते हे. १६८२ ची फ्रेडरिसियाची सनद आणि गोव्याची इन्क्विझिशन एकाच काळात चालू होती, हे त्या तटावर मला पहिल्यांदा नीट जाणवलं.

या राज्याशी मराठीचाही एक धागा आहे. बंगालमधलं श्रीरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होतं. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून बाप्टिस्ट (तान्ह्या मुलांना नव्हे, तर समजत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचा) विल्यम कॅरी १८०० मध्ये तिथे गेला आणि डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्याला आसरा दिला. त्याच गावात १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० मध्ये मोडी टाइपातला कोश. आणि खुद्द डेन्मार्कमध्ये? १८३९ मध्ये कोपनहेगनला पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली, तेव्हा पुढाऱ्यांना तुरुंगात घातलं, आणि १८४० च्या दशकात पोलिसांकरवी त्यांच्या तान्ह्या मुलांना उचलून नेऊन लुथरन बाप्तिस्मा दिला. पीटर ख्रिश्चन किर्केगोर या पाळकाने, तत्त्वज्ञ किर्केगोरच्या थोरल्या भावाने, हे करायला नकार दिला. हुगळीकाठी ज्या पंथाला आसरा, त्याच पंथावर राजधानीत जबरदस्ती.

रविवार, ८ जून, येलिंग आणि ब्रांडे

आज पेंटेकॉस्ट, ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणारा ख्रिस्ती सण. व्हायलेला गाडी बदलून येलिंगला उतरलो. दोन हिरवे टेकाड, मधे पांढरं चर्च, अंगणात काचेआड ठेवलेले दोन कोरीव दगड. मोठा दगड दहाव्या शतकातला, हेराल्ड ब्लूटूथ राजाचा. त्यावर लिहिलंय की त्याने डेन लोकांना ख्रिस्ती केलं. एका माणसाने साऱ्या लोकांना! पलीकडच्या बाजूला वेलींमध्ये गुंफलेला ख्रिस्त. तो आज डॅनिश पासपोर्टच्या आत छापलेला असतो. ताईने पर्समधून स्वतःचा काढून दाखवला. शुक्रवारच्या मैत्रिणीकडेही हाच. जुने नॉर्स देव पूजणाऱ्यांची फोर्न सिदूर ही संस्था २००३ मध्ये सरकारमान्य झाली. त्यांच्या पुरोहितांनाही लग्न लावायचा अधिकार मिळाला, आणि त्यांच्याही खिशात हाच ख्रिस्त.

आम्ही प्रार्थनेला बसलो. पाळक बाई होत्या, काळा झगा आणि गळ्याभोवती पांढरी चुणीदार झालर. भजनं लांबलचक, सगळे बसून गाणारे. बाहेर निघताना त्यांनी दाराशी प्रत्येकाचा हात हातात घेतला. आम्ही कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. फक्त पुढच्या गाडीला वेळ असेल तर कॉफी घेऊन जा म्हणाल्या.

त्याच लोहमार्गावर पुढे ब्रांडे. १९८० च्या दशकात श्रीलंकेतून पळालेले तमिळ लोक युटलंडच्या अशा छोट्या गावांतून वसवले गेले आणि कारखान्यांत कामाला लागले. गावाबाहेर त्यांनी अभिरामी अम्मनचं देऊळ केलं. इथे पूजेला एक स्त्री आहे, तिच्यात देवी संचारते अशी भक्तांची श्रद्धा. दुखलं-खुपलं तर डॅनिश लोकही येतात. हर्निंगला विनायकाचं देऊळ आहे, उन्हाळ्यात रथ निघतो. कापूर, विभूती, नारळ, आणि भिंतीवर डॅनिश भाषेत आगीपासून सावधानतेची पाटी.

लुथरनेतर धर्मांचं सगळं कायद्याने ठरवू, हेही १८४९ चंच वचन. तो कायदा संसदेने केला २०१७ मध्ये आणि लागू झाला २०१८ च्या पहिल्या दिवशी. तोवर आधी राजाची मान्यता आणि मग खात्याची परवानगी यांवर कारभार चालला. मान्यता मिळाली की देवळात लागलेलं लग्न कायदेशीर. एका काकूंनी प्रसाद देताना सांगितलं की त्यांच्या मुलीचं तसंच लागलं. "पण जावयाचा आणि तिचा जन्माचा दाखला?" ताईने विचारलं. "तो चर्चमधून," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

सोमवार, ९ जून, पुन्हा कोपनहेगन

पेंटेकॉस्टचा दुसरा दिवस, इथे सार्वजनिक सुट्टी. दुपारी बिस्पेब्येर्गला ग्रुंटविगच्या नावाचं चर्च पाहिलं. साठ लाखांच्या आसपास पिवळ्या विटा, सजावट जवळजवळ नाही. पाळक, कवी, शिक्षक ग्रुंटविग यांना राज्याच्या चर्चमधल्या एका प्राध्यापकाशी वाद घातला म्हणून १८२६ मध्ये जन्मभराची सेन्सॉरशिप लागली होती. ती अकरा वर्षांनी उठली. त्यांची मागणी साधी होती : माणसाला आपल्या गावचा पाळक पटत नसेल तर दुसऱ्याकडे जाऊ द्या. १८५५ मध्ये तसा कायदा झाला. एका धर्माच्या पोटात आधी मोकळीक आली, म्हणून बाहेरच्यांसाठी ती कल्पना करणं या लोकांना सोपं गेलं असावं, असं मला वाटतं.

रात्री जेवणावर विषय निघाला तो मरणाचा. इथल्या बहुतेक दफनभूमी लोकचर्च चालवतं. मुसलमानांना स्वतःची जागा मिळायला किती वर्षं गेली. ब्रोंडबीची दफनभूमी २००६ ला उघडली. आणि आपलं? भावोजी शांतपणे म्हणाले, "मी कागद करून ठेवलाय." अस्थी खुल्या समुद्रात सोडायला इथे परवानगी मिळते, मृताची तशी लेखी इच्छा असेल तर. अर्ज करायचा तो लोकचर्चच्या स्थानिक कचेरीत, कारण तेच अंत्यविधीचं सरकारी खातं.

ताई उसळली. "म्हणजे अस्थिविसर्जनाला पाळकांची सही. नगरपालिका काय झोपली आहे? दक्षिण युटलंडमध्ये निदान जन्मनोंद तरी नगरपालिका करते ना!"

"अगं, आईच्या वेळी त्या कारकून बाईंनी किती मदत केली. एक फोन, दोन दिवसांत कागद हातात."

"मदतीबद्दल बोलतच नाहीये मी. हक्काबद्दल बोलतेय."

भाची म्हणाली तिला दोघांचं पटतं. माझं मत ताईकडे. त्या बाईंचा चांगुलपणा खरा आहे, तो मीही येलिंगच्या दाराशी अनुभवला. पण नोंदवही नगरपालिकेत गेली तरी तो चांगुलपणा कुठे जाणार नाही, आणि भावोजींच्या कागदावर शिक्का मात्र सर्वांच्या राज्याचा बसेल. भावोजींनी मान हलवली, पण पटलं नाही. ताईने विचारलं, मग तिच्या बिल्डिंगमधल्या तुर्की आजोबांना हे कसं समजावशील, आणि वाद पुन्हा सुरू झाला.